पाचवी आणि सहावी तार

भाऊजींनी तिसऱ्यांदा तिकीट पुढे ढकललं तर त्यांची परदेशातली नोकरी जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्या सोमवारी मी पाचवी तार सहाव्या भोकात घातली.

"वहिनी, या दोऱ्याला गाठी किती?"

"पाच."

"मग ती सहाव्यात कशी?"

"चुकलं बाई माझं."

भाऊजींनी सुस्कारा सोडला, माझ्या हातातून तार घेतली आणि स्वतःच जागेवर बसवली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला जरा बरं वाटलं असतं.

आमची कंपनी म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. शहराच्या एका टोकाचे चार भाग, अकराशे घरं, त्यांचे फोन आणि इंटरनेट. नवऱ्याने ती सुरू केली, त्यांच्या धाकट्या भावाने म्हणजे भाऊजींनी ती उभी केली, आणि नवरा गेल्यापासून चार वर्षं मी चालवते. चालवते म्हणजे समोरच्या काउंटरवर बसून लोकांची बोलणी खाते. मागच्या मशीनच्या खोलीत भाऊजींचं राज्य. त्या खोलीत काय चालतं हे मी कधी विचारलं नाही, कारण ते आहेत म्हटल्यावर विचारायचं कशाला?

गेल्या वर्षी देशाची तिजोरी रिकामी झाली. मंत्र्यांनी टीव्हीवर येऊन घाबरू नका म्हणून सांगितलं, तेव्हा जे घाबरले नव्हते तेही घाबरले. बँकांनी दारं अर्धी लावली, डिझेलला रांगा लागल्या, वीज दिवसातून सात तासांवर आली. दुपारी तर मोबाइलचे टॉवरही डिझेलवाचून मरून पडत. आमच्याकडचे दोन्ही तंत्रज्ञ चार महिन्यांत परदेशी निघून गेले. उरला फक्त खांबांवर चढणारा म्हातारा लाइनमन. तो म्हणतो, मला कितीही उंच चढवा, पण त्या खोलीत नेऊ नका.

अशात मशीनमधलं एक कार्ड जळालं. वहीच्या पुठ्ठ्याएवढं कार्ड असतं ते. त्यात आठ पिवळ्या तारा जातात आणि त्या आठ तारांवर एक अख्खा भाग बोलतो. चार भागांना चार कार्डं होती, तीन राहिली. नवीन कार्ड परदेशातूनच येतं आणि त्याला परदेशी चलन लागतं. मी बँकेत ते मागायला गेले तर तिथले साहेब इतके मनापासून हसले की मलाच वाटलं, आपण काहीतरी छान बोललो.

मग भाऊजींनी पाळी लावून दिली. दर आठवड्याला एक भाग मुका राहायचा. सोमवारी एका भागाच्या आठ तारा उपसायच्या आणि दुसऱ्या भागाच्या आठ बसवायच्या, त्याच क्रमाने. एक तार इकडची तिकडे झाली की तिच्यावरची सगळी घरं मुकी. क्रम कुठे लिहिलेला नव्हता. सासूबाईंनी हयातभर लोकांचे कपडे शिवले; त्यांच्या डब्यातले दोरे भाऊजींनी तारांना बांधले होते. बाजाराला लाल, शाळेला पिवळा, कालव्याला हिरवा, आमच्या टेकडीला निळा. पहिल्या तारेच्या दोऱ्याला एक गाठ, आठवीच्या दोऱ्याला आठ. तारा पुसायच्या कशा, टोपण कधी लावायचं, मग कॉम्प्युटरला काय सांगायचं, हे सगळं त्यांच्या एकट्याच्या डोक्यात होतं.

आणि ते डोकं निघालं होतं परदेशी. जाऊबाई आणि नऊ वर्षांची पुतणी दोन महिन्यांपूर्वीच गेल्या होत्या. भाऊजी मागे राहिले ते फक्त मला शिकवायला. मला आलं की ते जाणार, असं ठरलं होतं.

जळालेल्या कार्डावर भाऊजी रोज माझ्याकडून तारा घालण्याचा सराव करून घेत. पहिल्या आठवड्यात मला खरंच काही कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात सगळं कळलं. एका सकाळी भाऊजी यायच्या आधी मी निळ्या दोऱ्याच्या आठही तारा काढून परत बसवल्या आणि टेकडीवरच्या एकाही घराला पत्ता लागला नाही. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. मग लक्षात आलं की हे सांगितलं तर पुढच्या शनिवारी ते विमानात असतील.

म्हणून मी वेड पांघरलं. पाचवी आणि सहावी तार उलट घालायला लागले. एकदा तिकीट पुढे गेलं, दुसऱ्यांदा गेलं. मला कंपनीची काळजी होती असं मी स्वतःला सांगत होते, पण ते खोटं. मला त्या काउंटरवर, मागच्या खोलीत कुणी नसताना, एकटीने बसायचं नव्हतं. नवरा गेल्यावर तो आवाज, मागे कुणीतरी खाकरल्याचा, तेवढाच उरला होता मला.

रोज संध्याकाळी पुतणीचा व्हिडिओ कॉल येई. ती आधी आजीला बघे, मग बाबांना, आणि मग मला विचारी, "काकू, झालं का गं शिकून?"

"अजून नाही गं. काकूचं डोकं गंजलंय."

"मी येऊन शिकवू का?"

सगळे हसत. मीही हसे. सासूबाई माझ्याकडे बघत.

गुरुवारी दुपारी वीज गेली आणि धाडकन आली. भाऊजी डिझेलच्या रांगेत होते, सकाळपासून. पाच मिनिटांत कालव्याच्या भागातल्या प्रसूतिगृहाच्या मोठ्या सिस्टर धापा टाकत काउंटरशी आल्या.

"तुमचा फोन मेलाय!"

"या आठवड्यात तर शाळेची बंद राहायची पाळी आहे. कालवा चालू आहे."

"चालू असता तर मी पळत आले असते का? बाजूला व्हा."

त्यांनी माझ्या काउंटरवरून मोठ्या इस्पितळात फोन लावला. एक बाई अडली होती, मूल पायाळू. तिकडचे डॉक्टर म्हणाले, माझ्यासमोर टेबलावर पेशंट आहे, मी हलू शकत नाही. तिला गाडीत घालू नका, खाटेजवळ फोन ठेवा, मी एकेक सांगत जातो. सिस्टरांनी फोन ठेवला.

"खाटेजवळ फोन हवा मला. इथून माझे हात तिथवर पोचत नाहीत."

'भाऊजी आले की बघतील.' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, महिनाभर मी तेच तर बोलत होते. सिस्टर माझ्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्या बाहीवर रक्त होतं.

मी आत गेले. कालव्याच्या कार्डावर लाल दिवा आणि खोलीत जळका वास. कार्ड बाहेर काढून परत घातलं, काही नाही. संपलं होतं ते. आता दोनच राहिली होती, बाजाराचं आणि आमच्या टेकडीचं. मी टेकडीच्या आठ तारा उपसल्या, टोपणं लावली आणि हिरव्या दोऱ्याच्या बसवायला घेतल्या. एक, दोन. तिसरीचा दोरा हातात तुटून आला; तिथेच ठेवलेल्या डब्यातला नवा घेऊन, सासूबाईंनी शिकवल्या तशा तीन गाठी मारल्या. चार, पाच, सहा, सात, आठ. प्रत्येकीचं टोक पुसत होते, कॉम्प्युटरला सांगत होते, आणि माझे हात इतके सराईत चालत होते की मलाच त्यांची चीड आली.

बाहेर येऊन प्रसूतिगृहाला फोन लावला. पहिल्याच घंटेला तिकडून कुणीतरी ओरडलं, "आला, आला!" सिस्टर पळत सुटल्या.

भाऊजी तीन वाजता आले, अर्धा कॅन डिझेल घेऊन. खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी दाराशी जाऊन उभी राहिले. ते हिरव्या दोऱ्यांवरून बोटं फिरवत होते.

"ही गाठ माझी नाही," ते म्हणाले. "आईची शिवणातली गाठ आहे ही."

"तुटला होता दोरा."

"किती वेळ लागला?"

"अकरा मिनिटं."

"मला पंधरा लागतात." ते बॅटरीच्या रिकाम्या खोक्यावर बसले. "कधीपासून येतंय, वहिनी?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "दुसऱ्या आठवड्यापासून."

"मला तिसऱ्या आठवड्यात कळलं."

"काय?"

"दर वेळी पाचवी आणि सहावीच. ज्याला येत नाही तो कुठेही चुकतो. रोज नेमकं एकाच जागी चुकायचं म्हणजे चांगलं यावं लागतं."

"मग बोलला का नाहीत? पोरगी तिकडे रोज वाट बघते तुमची!"

हे मी म्हणावं, म्हणजे कमालच. पण भाऊजींनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी तुटलेला जुना दोरा जमिनीवरून उचलला आणि बोटाला गुंडाळत राहिले.

"वीस वर्षं या खोलीत गेली माझी, वहिनी. तिकडे मला कुणाच्या तरी मशीनला हात लावायच्या आधी तीन सह्या घ्याव्या लागणार. तुम्ही चुकत होता तोवर लेकीला सांगायला माझ्याकडे कारण होतं. आता काय सांगू?"

ते रडले. मीही रडले. बाहेर काउंटरवर टेकडीवरचे लोक फोन बंद म्हणून भांडायला जमले होते, म्हणून मला लवकर डोळे पुसावे लागले.

संध्याकाळी प्रसूतिगृहातून निरोप आला, मुलगी झाली, दोघी ठीक. त्याच फोनवर भाऊजींनी शनिवारचं तिकीट पक्कं केलं.

शनिवारी दुपारी ते गेले. सासूबाई दारापर्यंत आल्या, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत जाऊन शिवणाच्या मशीनवर बसल्या, काही शिवायचं नसताना. माझ्याशी त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिकडे पोचलो की कार्ड पाठवतो, असं भाऊजी म्हणून गेले. मी पाठवा म्हटलं. दोघांनाही माहीत होतं की ते इतकं सोपं नाही.

सोमवारी पाळी बदलायची होती. आता दोन कार्डं आणि चार भाग, म्हणजे निम्मं गाव मुकं. मी शाळेच्या तारा बसवल्या, बाजाराच्या काढल्या, कालव्याच्या तशाच ठेवल्या. टेकडीला त्याही आठवड्यात मी काही दिलं नाही. मुकं राहायची सुरुवात स्वतःच्या घरापासून केली तर इतरांना तोंड दाखवता येतं. त्यामुळे घरी कॉल येणार नव्हता. कॉलच्या वेळी सासूबाई काठी टेकत टेकडी उतरून ऑफिसात आल्या. इतक्या वर्षांत त्या मशीनच्या खोलीत पहिल्यांदाच आल्या होत्या. बॅटरीच्या खोक्यावर बसून आपले दोरे निरखत राहिल्या.

कॉल आला. पुतणी बाबांच्या मांडीवर बसली होती आणि त्यांच्या गळ्यात दोन्ही हात होते. तिने आजीला शाळेतल्या गमती सांगितल्या, मला नवा दात दाखवला. शिकून झालं का, हे तिने विचारलंच नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं. भाऊजी पडद्यातून माझ्या मागच्या तारा बघायचा प्रयत्न करत होते, तेव्हा मी जरा बाजूला सरकले.

कॉल संपला. सासूबाईंनी काळ्या पडद्याकडे बघत विचारलं, "तू केव्हा शिकलीस गं हे?"

"दुसऱ्याच आठवड्यात, आई."

हिरव्या दोऱ्याची नवी गाठ त्यांनी दोन बोटांत धरून पाहिली, ओढून पाहिली. ती घट्ट होती. मग काठी शोधायला हात पुढे केला आणि मी तो धरला.

"अजून एक आठवडा चुकायचं होतंस," त्या म्हणाल्या.