अर्धा सूत आखूड पाय

मित्रांनो, दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातील एका सरकारी क्वार्टरमध्ये, वॉश बेसिनपुढे उभा असलेला मी एक जुना सागवानी चौरंग आहे. संगमनेरच्या दामू सुताराने मला घडवले, तेव्हा माझा एक पाय अर्धा सूत आखूड राहिला. त्यामुळे कोणी माझ्यावर चढले की टक् असा आवाज होतो आणि उतरले की पुन्हा टक्. या दोन आवाजांमधला काळ मला अचूक सांगता येतो. बाकी माझे ज्ञान बेताचेच.

माझ्यावर प्रथम उभा राहिला तो नऊ वर्षांचा पद्माकर. परसातल्या पिंपाचा नळ उंच होता, म्हणून हात धुवायला तो माझ्यावर चढे. एका दुपारी तो गोट्या खेळून आला आणि त्याने नळाखाली नुसती बोटे भिजवली. दोन सेकंद. मग त्याच हातांनी त्याने धाकट्या शेवंताला गूळपोळीचा घास भरवला. त्या आठवड्यात गल्लीत जुलाबाची साथ होती. चौथ्या दिवशी शेवंता गेली. पाच वर्षांची होती. ती माझ्यावर चढली की पाय इतका हळू वाजे, की मलाच जेमतेम ऐकू येई.

कारण पद्माकरचे हातच होते, असे सिद्ध झालेले नाही. विहिरीचे पाणी, माश्या, शिळे अन्न, यांपैकी काहीही असू शकते. पण त्याचे हात नव्हते, हेही सिद्ध करता येत नाही. त्या दोन सेकंदांचा साक्षीदार मी एकटा. पद्माकरने कोणालाच काही सांगितले नाही. फक्त घरे बदलली, गावे बदलली, तरी मला टाकले नाही. आता तो मुलाकडे, प्रसन्नकडे राहतो आणि माझ्यावर त्याची आठ वर्षांची नात क्षिप्रा चढते.

गेल्या जानेवारीत टाकीचे पाणी बर्फासारखे होते. क्षिप्राला तिच्या दीड वर्षाच्या भावाला, अंकुरला, किनू म्हणजे इकडचे संत्रे भरवायचे होते. तिने साबण भिजवला, टॉवेलचे टोक भिजवले आणि उतरली. तीन सेकंद.

"हात धुतलेस?" पद्माकरने टेबलापाशी बसूनच विचारले.

"बिल्कुल, आजोबा. साबण बघा ना, ओला आहे."

"साबणाची आंघोळ झाली. हातांचं काय?"

"यार आजोबा, तुम्ही तर सीसीटीव्हीच आहात. कळतं कसं तुम्हाला?"

"चौरंग सांगतो."

क्षिप्रा हसली. "भूत आहे का त्यात?"

पद्माकर हसला नाही. तिच्या हातातली फोड त्याने काढून बाजूला ठेवली.

"भूत वगैरे काही नसतं," तो म्हणाला. "पण माझी एक बहीण होती."

साठ वर्षांत प्रथमच त्याने ते सांगितले. क्षिप्रा त्याच्या शेजारी बसली.

"म्हणजे ती तुमच्यामुळे...?"

"माहीत नाही, बाळा. तेच तर माहीत नाही."

ती उठली. टक्. नळ, मग साबण, बोटांच्या बेचक्या, नखे, मनगटे. बाहेर पद्माकरचे ओठ हलत होते. पंचविसावर दुसरी टक् झाली. तेव्हा कुठे अंकुरच्या तोंडात फोड गेली.

पुढच्या रविवारी प्रसन्नने करोल बागेतून माझ्या पायासाठी रबराचे बूच आणले. "नको बाबा," क्षिप्रा म्हणाली. "मग आजोबांना ऐकू कसं येणार?" बूच अजून खिडकीत पडून आहे.

मित्रांनो, घरचे लोक साबण पाहतील, टॉवेल पाहतील आणि फसतीलही. तुम्ही मात्र वीस सेकंद हात चोळा. दोन सेकंदांत आटोपलेत, तर ते दोन सेकंद कधी संपतील, हे मी सांगू शकत नाही.

उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि कोणी उभे नसतानाही माझा पाय एकदा वाजतो. कारण एवढेच आहे. पद्माकरलाही ते ठाऊक आहे. तरी त्याचे ओठ हलू लागतात. एक, दोन, तीन.

दुसरी टक् येत नाही.