कोर्तोनाच्या वेशीतले नाना

मित्रांनो, अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या एका बेसमेंटमध्ये खोक्यात बसलेला हा म्हातारा स्लाइड प्रोजेक्टर तुमच्याशी बोलतोय. कारखान्यात मला काचेची भिंगं, दिवा आणि तो निवायला पंखा बसवला, आणि चंद्रशेखरने मला घरी आणलं. काय थाट होता माझा म्हणून सांगू! शनिवारी मराठी मंडळी जेवायला यायची. श्रीखंड-पुरी चापून झाली, की भिंतीवर चादर टांगून माझा खेळ सुरू.

चंद्रशेखर बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. त्र्याऐंशी साली वडिलांना, म्हणजे नानांना, नागपूरला पोचवायला जाताना त्याने त्यांना इटलीतलं कोर्तोना दाखवलं. डोंगरावरचं जुनं गाव. रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांनी रचलेला तट, मध्ययुगातल्या चढाच्या गल्ल्या, एकेका स्लाइडवर त्याचं व्याख्यान. मंडळींतले वडीलधारे बाळकाका खुर्चीतच घोरायचे.

पुढच्या वर्षी नाना गेले. वेशीच्या दगडाला टेकून हसणारे नाना, एवढाच त्या प्रवासातला त्यांचा फोटो. स्लाइडला निगेटिव्ह नसते, मित्रांनो. गेली की गेली.

वर्षश्राद्धानंतर मंडळी पुन्हा जमली. उंची यावी म्हणून मला जाड सोलापुरी चादरीवर बसवलं आणि माझी हवेची जाळी बंद झाली. नानांची स्लाइड आली नि चंद्रशेखर गप्पच झाला. ‘नेक्स्ट’ म्हणायला कुणाची जीभ रेटेना. इकडे माझ्या पोटात नुसती आग. नाना माझ्या हातून जाणार, या भीतीने मी अर्धमेला झालो.

“डॅडी, समथिंग इज बर्निंग,” त्याची धाकटी लेक वीणा म्हणाली. तिच्या आईने, सुनेत्राने, धावत येऊन प्लग उपटला. चंद्रशेखरने चटके सोसत स्लाइड काढली. तिच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची कड करपली होती, नाना मात्र जसेच्या तसे हसत होते. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझाही.

“चंदू, एट्रुस्कनांवर तासभर बोलतोस,” बाळकाका म्हणाले. “नानांबद्दल बोल की.”

चंद्रशेखरने डोळे पुसले. “चढून धाप त्यांना लागली होती, काका. आणि मला म्हणतात, ‘चंदू, दमलास तू. बस जरा.’”

त्या दिवशी कुणी घोरलं नाही.

आता व्हीसीआर आलाय, माझ्याकडे कोण फिरकतंय? असो. आमच्या जाळ्या तेवढ्या मोकळ्या ठेवा. आणि आपलं माणूस पडद्यावर आलं की गप्प बसू नका. आम्ही नुसता चेहरा दाखवतो हो. ते काय म्हणालं, हे तुम्हालाच सांगावं लागतं.