खल, मशीन आणि चिमूटभर मिरी

मी एक जुना दगडी खल आहे आणि मित्रांनो, स्वभावाने पक्का जळका आहे. पाथरवट मला घडवत होता, तेव्हा शेजारची पायरी माझ्याआधी पूर्ण झाली म्हणून मी धुमसत होतो.

पुढे प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला निवडलं आणि माझे दिवस पालटले. बाईंचे वडील जन्मभर एका कारखान्यात जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करत. त्यातलं शिसं हळूहळू त्यांच्या मेंदूत भिनलं. आता ते पोटच्या मुलीलाच ‘आपण कोण?’ असं विचारतात. धाकटा भाऊही त्याच कारखान्यात लागला. हळदीतल्या पिवळ्या द्रव्याने, म्हणजे कर्क्युमिनने, निदान त्याचा मेंदू तरी वाचवता येईल का, हाच बाईंना ध्यास.

अडचण अशी, की हळद पोटात गेली तरी रक्तात जेमतेम उतरते. यकृत तिला आल्या पावली परत पाठवतं. म्हणून बाई माझ्यात हळद घोटून घोटून मऊसूत करायच्या. “तुझ्यासारखा तूच रे बाबा,” म्हणायच्या आणि मी फुलून जायचो.

मग ते मशीन आलं. आवाजाच्या लहरींनी तेलात हळदीचे डोळ्यांना न दिसणारे थेंब करायचं म्हणे! जो तो त्याच्याभोवती. मला खिडकीत ठेवलं, तेही कागद उडू नयेत म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते घूं घूं करायला लागलं, की वाटायचं, याचा फ्यूज उडावा.

एकदा खरंच उडाला! बाईंनी घाईघाईत मला उचललं, हळद घोटली, उंदरांना दिली. त्यांच्या रक्तात हळद सापडली ती मशीनच्या वेळेपेक्षाही जास्त. बाईंनी मला चक्क कवेत घेतलं. मी मशीनकडे कसा पाहत होतो, ते विचारूच नका.

दुसऱ्या खेपेला मला स्वच्छ धुऊन तोच प्रयोग केला. रक्तात हळदीचा पत्ता नाही. बाई रडवेल्या झाल्या. तेव्हा झाडलोट करणाऱ्या मावशी दारात घुटमळत म्हणाल्या, “बाई, रागावू नका. मागच्या वेळी घशासाठी यात मिरी कुटली होती मी. खल धुवायचा राहिला.”

“मिरी! अहो, हे मला सुचायला हवं होतं!” बाई हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. “पण मावशी, इथे विषारी पावडरी असतात. खायचं काही इथे कुटायचं नाही.”

म्हणजे पराक्रम माझा नव्हताच! एवढीशी काळी मिरी यकृताला बोलण्यात गुंतवते आणि हळद गुपचूप आत सरकते. मशीन परवडलं, निदान ते आकाराने तरी मोठं होतं.

त्या दुपारी भाऊ कारखान्यातून थेट आला. “ताई, झालं का तुझं औषध?” म्हणत त्याने काळ्या हातांनीच जेवणाचा डबा उघडला.

बाईंनी त्याचं मनगट धरलं. “औषध अजून उंदरांपुरतंच आहे. मिरी चुकून त्यांच्या पोटात गेली, तसं हातांवरचं शिसंही जातं, कळत नाही. ऊठ आधी.”

नळाखाली त्या त्याची बोटं एकेक करून चोळत राहिल्या, अगदी मला चोळायच्या तशा. मी त्याच्यावरही जळलो. पण ‘पुरे’ असं काही मला म्हणवेना.

मित्रांनो, मला धुवायचं राहिलं तर फार तर एका प्रयोगाचा घोळ होतो. तुम्ही तेवढे हात धुऊन जेवा.