कमी मागणारी सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. माझं सगळं आयुष्य सिअ‍ॅटलच्या पावसात आणि चढांवर गेलं.

लोर्ना टेकडीवरच्या हॉस्पिटलात नर्स होती. आधीची सायकल गंजून गेली म्हणून ती ऑडेलच्या दुकानात आली. "मला रोज लाड करायला वेळ नाही," तिने आल्याआल्या बजावलं. ऑडेलने मला पुढे केलं. मला साखळीऐवजी पट्टा आहे, त्याला तेल लागत नाही. गिअर चाकाच्या पोटात बंद आहेत.

"ही कमी मागते," ऑडेल म्हणाला, "पण ब्रेकचे पॅड दर महिन्याला दाखवायचे हं. ओल्या उतारावरची रेती त्यांना खाते."

घरी पोचेपर्यंत लोर्नाच्या लक्षात पहिलंच वाक्य उरलं.

तिने माझ्यावर माया मात्र फार केली. तिच्या हॉस्पिटलातले सायकलवाले सुट्टीच्या दिवशी साखळ्या घासत बसत. ती त्यांना चिडवायची, "बसा दात घासत त्यांचे! माझी बया हूं का चूं करत नाही." मला तेव्हा अभिमान वाटायचा.

आणि पॅड झिजत होते. माझे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. पॅड पातळ झाले तरी हाताला फरक कळत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात मी खरखरू लागले. तिचा नवरा एल्मर घरीच असे. त्याची नजर गेली होती, कान शाबूत होते.

"लोर्ना, ही घसा खरवडतेय. ऑडेलकडे ने."

"अरे, पाऊस आहे. इथे कुणाचा ब्रेक ओरडत नाही? कोरडं झालं की होईल गप्प."

"कोरडं कधी होणार? जुलैत?"

"मग जुलैत नेईन, बाबा!"

दोघंही हसले. इथे पावसात सगळ्यांचेच ब्रेक ओरडतात, म्हणून कुणाचंच ओरडणं कुणी मनावर घेत नाही.

मार्चमध्ये एका दुपारी ती टेकडी उतरत होती. खाली सिग्नल लाल झाला. तिने दोन्ही मुठी आवळल्या. पॅड उरलेच नव्हते, लोखंड लोखंडावर घसरलं. आडवा मालाचा ट्रक आला. तिने एल्मरला हाक मारली. ती मीच ऐकली.

ऑडेलने माझे ब्रेक उघडले तेव्हा एल्मर शेजारी उभा होता. "कॉफी गार व्हायच्या आत झालं असतं हे काम," ऑडेल पुटपुटला. एल्मरने त्या उघड्या लोखंडावर बोट फिरवलं आणि कितीतरी वेळ ते काढलंच नाही.

इथे सायकल चालवताना कुणाचा जीव गेला की त्या जागी एक सायकल पांढरी रंगवून बांधतात. बहुतेकदा भंगारातली शोधतात. एल्मर म्हणाला, "हीच बांधा." टायर, सीट, वाकलेलं चाक, सगळं पांढरं करून मला उताराच्या तळाशी खांबाला जखडलं.

लोक फुलं अडकवतात आणि ओरडत्या ब्रेकांनिशी पुढे जातात. कधी एल्मर बसने येतो, माझ्या मुठीवर हात ठेवतो आणि आवाजाच्या दिशेने हाक देतो, "अहो, थांबा! पॅड दाखवून घ्या!" जाणारे हसून हात हलवतात. त्याला ते दिसत नाही.

मित्रांनो, देवापुढच्या समईतलं तेल तुम्ही न सांगता बघता ना? कमी मागणाऱ्यालाही तेवढं बघणं लागतंच. मला फुलं नकोत. घरी गेल्यावर वाका, आणि आपल्या सायकलचे पॅड किती उरलेत ते आजच बघा.