पाकोळ्यांनी धरलेला बोका

सावेताचं त्या बोक्याशी कधी पटलंच नाही. नवऱ्यानं, गाव्रिलानं, तो गिरणीतून पिशवीत घालून आणला होता आणि नाव ठेवलं होतं हायदुक, म्हणजे दरोडेखोर. मुरेश नदीकाठच्या त्या घरी गोठ्याच्या आढ्याला पाकोळ्यांची तीन घरटी होती आणि हायदुकचा अर्धा जन्म त्यांच्याकडे टक लावण्यात गेला होता. पाकोळ्याही कमी नव्हत्या. तो अंगणात दिसला की चार-पाच जणी सुर्रकन झेपावत, त्याच्या कानांना पंख लावून वर जात, आणि एवढा मोठा बोका पोट जमिनीला लावून लाकडांच्या ढिगाखाली पळे.

"बघ तुझा दरोडेखोर!" सावेता हसायची.

"माझा कुठला? दिवसभर त्याच्याशी भांडतेस तू. तुझाच तो," गाव्रिला म्हणायचा.

जुलैत पाकोळ्यांची दुसऱ्या खेपेची पिल्लं नुकती घरट्याबाहेर पडली होती आणि गवताची गंजी रचायची होती. गाव्रिला एकटाच शिडी घेऊन निघाला.

"अरे, शेजारचा नेलू येईपर्यंत थांब की."

"मी काय म्हातारा झालोय?"

"छे, नवरदेव आहेस! पडलास म्हणजे कळेल."

ती आत जाऊन मक्याचं पीठ शिजवायला लागली. डावा कान गेलेला, म्हणून रेडिओ मोठ्यानं लावलेला. बऱ्याच वेळानं खिडकीतून पाहिलं तर पाकोळ्या गोठ्यामागे एकाच जागी सूर मारत होत्या. हायदुकनं पिल्लू धरलं असणार, तिनं मनात शिवी हासडली. पण पीठ आळून आलं तरी पाकोळ्या थांबेनात. एव्हाना बोका पळायला हवा होता. मग मात्र ती डाव हातात घेऊनच तणतणत बाहेर पडली.

गोठ्यामागे शिडी आडवी होती. शेजारी गाव्रिला पांढऱ्याफटक चेहऱ्यानं पडलेला, पाय भलताच वळलेला. त्याच्या काखेत हायदुक अंग चोरून बसला होता. कुंपणावर पाकोळ्यांची पिल्लं होती, म्हणून त्या चवताळून उठल्या होत्या. बोक्याच्या कानावरचे केस उपटले गेले होते, रक्तही आलं होतं. डोळे मिटून तो मार खात होता.

"तासभर हाका मारतोय," गाव्रिला पुटपुटला.

"रेडिओ चालू होता रे," म्हणत ती रडायला लागली.

"रड मग. आधी तो डाव खाली ठेव, डोक्यात घालशील." मग बोक्याकडे बघत तो म्हणाला, "ह्याला म्हटलं, पळ, डोळे काढतील तुझे. हललाच नाही."

नेलूच्या गाडीतून गाव्रिलाला इस्पितळात नेलं. मांडीचं हाड मोडून आत रक्तस्राव होत होता. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हायदुक का थांबला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. सावेतानं त्याच्या कानाला मलम लावलं तेव्हा त्यानं तिला ओरबाडलं, आणि तिनं ओरबाडू दिलं.

रविवारी ती चर्चमध्ये गेली. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्या जिवंत माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून पाद्रीबाबांकडे द्यायची असतात. त्यांनी चष्मा सारखा करून चिठ्ठी वाचली.

"गाव्रिला, बरं. हा हायदुक कोण? पाहुणा?"

"घरातलाच आहे बाबा."

"अगं, तो बोका ना? आणि खाली हे काय, 'गोठ्याच्या आढ्यावरच्या सगळ्या'?"

"त्यांची नावं मला माहीत नाहीत."

"सावेता, जनावरांची नावं इथं वाचत नाहीत."

"मोठ्यानं नका वाचू," ती म्हणाली. "तुम्ही श्वास घ्यायला थांबता ना मध्ये, तेव्हा मनात म्हणा."

पाद्रीबाबांनी चिठ्ठीची घडी करून ती इतरांच्या चिठ्ठ्यांत ठेवली. प्रार्थनेत गाव्रिलाचं नाव घेऊन झाल्यावर ते जरा जास्तच थांबले. सावेतानं मान खाली घातली आणि छातीवर क्रूस रेखला.