पाहुणा सात

घरं आतून सजवून देणाऱ्या त्या ऑफिसात खोल्या दोन आणि माणसंही दोनच, एक भावजय आणि एक नणंद. नणंद तिला वहिनी म्हणायची, म्हणून सुतार, रंगारी, प्लंबर आणि खालच्या मजल्यावरचा किल्ल्या करून देणारा, सगळेच तिला वहिनी म्हणायचे. नकाशे वहिनी काढायची आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं खातं नणंदेकडे होतं.

त्या वर्षी दोघींनी इंटरनेटवरचा एक फळा घेतला होता. त्यावर नकाशा लावायचा, फरशांचे फोटो डकवायचे, पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि गिऱ्हाइकानं आपल्या घरी बसून ते सगळं बघायचं. वहिनीचं म्हणणं असं, की ज्याला आत घ्यायचं त्याला त्याच्या नावानं, त्याच्या ईमेलवर आमंत्रण द्यावं. नणंदेला ते म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यात उभं करून ओळखपत्र मागण्यासारखं वाटे. त्यामुळे स्वयंपाकघर नवं करून घ्यायला आलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंना तिनं सरळ उघडी लिंक धाडून दिली. ती ज्याच्या हाती पडेल त्यानं आत यावं, हवं ते खोडावं, हवं ते काढावं.

बाईंनी पस्तीस वर्षं शाळा चालवली होती. नोटीस निघाली की ती सगळ्या वर्गांत फिरली पाहिजे, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी पाच मिनिटांत ती लिंक कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. ग्रुपात सत्तेचाळीस माणसं होती.

सोमवारी सकाळी वहिनीनं फळा उघडला तेव्हा नकाशावर मुंग्या फुटाव्यात तसे माउसचे बाण धावत होते. नाव एकालाही नाही. पाहुणा एक, पाहुणा दोन, असे थेट एकोणीसपर्यंत. ओट्यावर कुणीतरी हिरवा पोपट काढून ठेवला होता. फ्रिज गॅलरीत गेला होता. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'हा रंग बघून भूक मरते'. तिच्याखाली दुसरी, 'आधी स्वतःच्या घरचा बघा'. आणि तिच्याखाली, काही संबंध नसताना, 'माझी शिडी कोणाकडे आहे?'

खरी लढाई मात्र स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधल्या भिंतीवरून जुंपली होती. पाहुणा सात ती भिंत खोडायचा. कुणीतरी ती परत उभी करायचं. सात पुन्हा खोडायचा. दुपारपर्यंत भिंत अकरा वेळा पडली आणि अकरा वेळा उभी राहिली, आणि एवढं होऊन सातनं एकही चिठ्ठी लिहिली नव्हती.

तेवढ्यात वहिनीचं लक्ष फळ्याच्या कोपऱ्यात गेलं. तिथं ऑफिसची आपसातली टिपणं होती, ती काढायची राहून गेली होती. नणंदेनं लिहिलेली एक चिठ्ठी होती: 'बाईंना नाही म्हणायचं नाही. बघू म्हणायचं.' तिच्याखाली पाहुणा चारनं लिहिलं होतं, 'आम्ही वीस वर्षं हेच करतोय'.

वहिनीनं ती चिठ्ठी पुसली आणि फोन वाजला. बाईच होत्या. चिठ्ठी त्यांनी वाचली होती की नाही ते त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

"पाहुणा सात कोण आहे?" त्यांनी विचारलं.

वहिनीनं खरं ते सांगितलं. उघड्या लिंकनं आत आलेल्याचं नाव फळ्याला कळत नाही, त्यामुळे तिलाही कळायला मार्ग नव्हता. बाईंचं त्यानं समाधान झालं नाही. त्यांचा संशय थोरल्या सुनेवर होता, कारण घरात भिंत पाडण्याइतकी धमक आणखी कुणात आहे असं त्यांना वाटत नव्हतं. संध्याकाळी त्या तिला घरी बोलावून जाब विचारणार होत्या.

फोन ठेवल्यावर वहिनीनं लिंक बंद केली. नणंदेनं आधी त्या फळ्याच्या कंपनीला नावं ठेवली, मग नेटवर्कला, आणि मग मुकाट्यानं चहा करून आणला. दोघींनी नवी व्यवस्था लावली. आमंत्रण नावानिशी, फोनवर येणारा आकडा टाकल्याशिवाय प्रवेश नाही, आणि पाहुण्यांनी चिठ्ठ्या लिहाव्यात, नकाशाला हात लावू नये. आपसातल्या टिपणांसाठी वेगळा फळा केला. बाईंनी यादी पाठवली: त्या स्वतः, दोन मुलगे, दोन सुना आणि नवरा. नवऱ्याच्या नावापुढे ईमेल मात्र बाईंचाच होता. वहिनीनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, आमचा दोघांचा एकच आहे, यांना काय करायचाय वेगळा?

नकाशा नव्या फळ्यावर हलवताना वहिनीनं पाहुणा सातच्या रेघा पहिल्यांदाच नीट पाहिल्या. खोडलेल्या भिंतीच्या जागी त्यानं खिडकीला लागून एक टेबल काढलं होतं. प्रत्येक रेघेशेजारी, बोटभर अंतरावर, तुटक-तुटक दुसरी रेघ होती. आणि बाजूला माप: साडेअठ्ठेचाळीस इंच, शिलाई धरून.

टेबलाला शिलाई धरणारं माणूस त्या घरात एकच होतं. बाईंचा नवरा टेलर होता. शाळा चालवली बाईंनी, पण सगळी गल्ली मास्तर म्हणायची ती त्यांना. वहिनी घराची मापं घ्यायला गेली तेव्हा टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं आणि दोन तासांत ओठ उघडले नव्हते. यांना सगळं चालतं, असं बाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

वहिनी मोठ्या पेचात पडली. सांगावं तर पाहुण्याचा विश्वासघात, न सांगावं तर सुनेचा हकनाक बळी. तिनं बाईंना फोन करून सांगितलं, की सुरक्षेचा नियम आहे, दोघांना एक ईमेल चालत नाही, तेव्हा मास्तरांना आत्ताच ऑफिसात पाठवून द्या.

मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"सात नंबर तुम्हीच ना?" वहिनीनं हळूच विचारलं.

मास्तरांनी तिच्या टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या टेबलाची लांबी कमी होतेय का?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुकानात चाळीस वर्षं ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. आता घरी पुढच्या खोलीत त्यांची खुर्ची, समोर पुन्हा भिंत, आणि बाई भिंतीपलीकडे. दिवसभर दोघं एकमेकांना हाका मारत आणि अर्ध्या ऐकू येत. त्यांना बाई दिसतील अशा जागी बसून थोडंफार शिवणकाम करायचं होतं, इतकंच.

"मग सांगितलं का नाहीत त्यांना?"

"ताई, हिच्यासमोर बोलायचं म्हणजे तोंडी परीक्षा. मला लेखी बरी पडते."

वहिनीनं त्यांना ईमेल काढून दिला. पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, हे ऐकून मास्तर जरा पुढे सरकले. हिलासुद्धा नाही? त्यांनी विचारलं. हिलासुद्धा नाही, असं वहिनी म्हणाली. तेव्हा त्यांनी कीबोर्डावर ओणवं होऊन, हाताचा आडोसा करून, इतका लांबलचक पासवर्ड घातला, की तो दोनदा विसरले आणि ऑफिसातच दीड तास गेला.

थोरलीवरचा संशय वहिनीकडून कळल्यावर, घरी जाण्याआधी तिथूनच त्यांनी आपल्या नावानं पहिली चिठ्ठी लिहिली. 'भिंत नको. पाहुणा सात मी होतो. थोरलीला कुणी बोलू नये.'

फळ्यावरचे सगळे बाण जागच्या जागी थांबले. मग बाईंचा बाण आला, त्या चिठ्ठीवर बराच वेळ उभा राहिला आणि काही न लिहिता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः ऑफिसात हजर झाल्या. नणंद घाईघाईनं आतल्या खोलीत फरशांचे नमुने लावायला गेली. बाईंनी पाणी मागितलं, सावकाश प्यायल्या.

"एक्केचाळीस वर्षांत यांनी मला एकदाही नको म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि आता म्हटलं ते सगळ्यांसमोर, तेही शुद्धलेखनाची एक चूक न करता."

त्या रागावल्या होत्या की दुखावल्या होत्या, ते वहिनीला कळेना. ती जपून म्हणाली, की भिंत का नको ते तुम्ही त्यांनाच विचारा.

"विचारलं ना. म्हणाले, फळ्यावर लिहितो."

आणि खरंच, पुढचे दोन आठवडे नवरा-बायको एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसून फळ्यावर एकमेकांना लिहीत राहिले. सुरुवातीला भिंतीबद्दल, मग धुराबद्दल, मग मास्तरांच्या कमी ऐकू येणाऱ्या कानाबद्दल, जो खरं तर दोन वर्षांपासूनच बिघडला होता आणि बाईंना ठाऊक नव्हता. नकाशाच्या डाव्या बाजूला पिवळ्या चिठ्ठ्यांची शेतं पिकली. मुलगे आणि सुना वाचत होत्या, पण मधे कुणी पडलं नाही. वहिनीनं मात्र ठरवून तिकडे बघायचं सोडलं.

शेवटी बाईंनीच कळवलं, भिंत पाडा. थोरल्या सुनेला त्यांनी आपल्या पद्धतीनं सांगितलं, की एवढी अक्कल तुलाच आहे असं वाटलं, म्हणून तुझं नाव घेतलं. सून ऑफिसातल्या नणंदेला हे सांगताना इतकी हसली, की तिला ठसका लागला.

टेबल बरोबर मापात बसलं. काम संपल्यावर, व्यवस्थेप्रमाणे, वहिनी पाहुण्यांचा प्रवेश बंद करायला बसली, तेवढ्यात मास्तरांचा फोन आला. पलीकडून बाईंचं काहीतरी मोठ्यानं सांगणं ऐकू येत होतं.

"ताई, आमचं दोघांचं आणखी महिनाभर चालू ठेवता येईल का?" ते म्हणाले. "आता समोरासमोर बसतो, ते छानच आहे. पण काही विषय लेखीच बरे."

वहिनीनं प्रवेश संपायची तारीख बदलून सहा महिने पुढची घातली.