बटणांच्या डब्यातला गोंडा

गोंडा सोनेरीच होता... कळकट, पण सोनेरी. बटणांच्या डब्यात, तुटक्या चेनीखाली. डोळ्यांच्या आधी तो गुलाबरावाच्या बोटांनी ओळखला. सदऱ्याचं बटण राहिलं बाजूला. चाळीस वर्षांपूर्वी सागरी प्रशिक्षण शाळेच्या संचलनात तो मानाचा ध्वज धरायचा, तेव्हा ध्वजाचा हाच गोंडा वाऱ्यानं त्याच्या गालावर आपटत होता. पुढं शाळा बंद पडली, तिचे दोन्ही मानाचे ध्वज बेपत्ता झाले, आणि निवृत्त होऊन जऊळक्याला शेती करता करता तीन वर्षं तो तेच शोधत होता. भंगारवाले झाले, जुने मास्तर झाले... रविकांत, तिथला शेवटचा कारकून, एकच धोशा लावून होता : ‘गुलाब, मी तुझ्याच पत्त्यावर पाठवले रे.’ माझ्याच पत्त्यावर! चोराच्या उलट्या बोंबा, असं त्यानं शाळेतल्या जुन्या सोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं. रविकांत ग्रुप सोडून गेला. आणि ती, त्याची बायको कस्तुराबाई, समोर बसून तुरीची डाळ पाखडत सगळं ऐकत होती.

“हे काय होय?” त्यानं गोंडा तिच्यापुढं धरला.

तिनं लपवलं नाही. “पार्सल आलं होतं. तुमी बोटीवर होते. एकाची पोयाले सर्ज्यासाठी झूल शिवली.”

भिंतीवरच्या फोटोत सर्ज्या होताच. पोळ्याच्या सुट्टीत त्यानंच काढलेला फोटो. बैलाच्या पाठीवर निळी झूल, सोनेरी झालर... काय झकास शिवलीस, म्हणून कौतुकही केलं होतं! त्याच फोटोखाली बसून मी एका सरळ माणसाला चोर म्हणालो, आणि हिनं मला चहा आणून दिला. बाहेरच्यानं दगा दिला तर माणूस शिव्या तरी घालतो. घरातल्याच माणसानं दिला तर कुठं जायचं?

“तीन वर्सं काहून चूप राह्यली?”

“फडक्यासाठी रडून राह्यले होते तुमी.” ती सुपाकडेच बघत होती. “आपली पोरगी गेली तवा तार केली. तुमी नाई आले.”

जहाज भर समुद्रात होतं, येणार कसा... हे उत्तर त्यानं तीस वर्षं तयार ठेवलं होतं. तोंडातून निराळंच निघालं.

“अन् दुसरा?”

सूप थांबलं.

“पोरीवर घातला. घरात दुसरं कोरं कापड नोतं.”

रविकांतला फोन करायला हवा होता. सापडले, म्हणून सांगायचं? पोरगी आठ महिन्यांची होती म्हणे; त्यानं तिला पाहिलंच नव्हतं. ध्वज मात्र इंच न् इंच आठवत होता — चांगला चार हात लांब. तो एवढ्याशा अंगावर घालायला किती दुमडावा लागला असेल... गुलाबराव गोंडा मुठीत धरून हवेतच घड्या घालत राहिला, आणि काही केल्या त्याला ते माप जमेना.